मिस्तरी आणि एकशे बारा पानांचं पुस्तक

मिस्तरींना माणसांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते, आणि मिस्तरी ती फुकट वाटत नसत. ते फक्त खालच्या ओठाचा एक कोपरा खाली ओढत, हातातली चिंधी या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकत आणि "हं" म्हणत. त्या एका "हं"मध्ये समोरच्याची पदवी, पगार आणि सासुरवाड, सगळं निकालात निघे. त्यांच्या बायकोने तो हुंकार जन्मभर ऐकला आणि शेवटच्या आजारपणात, निदान डॉक्टरांना तरी ऐकवू नका, म्हणून हात जोडले. मिस्तरींनी डॉक्टरांना ऐकवलाच. खाटेचा एक बोल्ट ढिला होता, तोही जाता जाता आवळून दिला.

धंदा लेथचा. भाड्याच्या लांबट गाळ्यात एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग मशीन आणि भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने टांगलेले पाने. बेचाळीस वर्षं हेच केल्यामुळे ढिला बोल्ट दिसला की आवळायचा, यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बसमध्ये पुढच्या सीटचा, बँकेत रांगेच्या खांबाचा, मुलाच्या लग्नात व्याह्यांच्या खुर्चीचा. व्याही त्या खुर्चीत बसलेले असताना. तेरा नंबरचा पाना मागच्या खिशात कायम असे, आणि त्यामुळे मिस्तरी कुठेही बसले तरी थोडे तिरके बसत.

शहराच्या कडेला जुन्या गोदामांच्या मागे एक डांबरी पटांगण होतं. पंचवीस वर्षांपूर्वी मिस्तरी आणि त्यांच्यासारखेच चार उद्योगी रिकामटेकडे तिथे रविवारी जमू लागले. पाण्याच्या पंपाची इंजिनं लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवायची, चेनने मागची चाकं फिरवायची आणि जुन्या टायरांच्या कुंपणातून पळवायची. गिअर नाही, छप्पर नाही, बसायची जागा जमिनीपासून चार बोटं वर. हीच ती कार्ट. नियम तीन होते आणि ते फाटकावरच्या पत्र्यावर रंगवलेले होते. ब्रेक लागला पाहिजे. डोक्यात हेल्मेट पाहिजे. हरलेल्याने मारामारी करायची नाही. तिसरा नियम मिस्तरींसाठीच लिहिलाय, असं बाकीचे चौघे म्हणत.

मग अध्यक्ष आले. तेव्हा ते अध्यक्ष नव्हते, मोटारींच्या शोरूमचे मालक होते आणि त्यांच्या दोन चिरंजीवांना रविवारी घरात करमत नव्हतं. फाटकातून आत आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमची समिती कुठे बसते?" समिती बसत नव्हती, कारण समितीच नव्हती. वर्षभरात ती झाली. तीन वर्षांत तिला बसायला केबिन झाली, केबिनला गार हवेचं मशीन लागलं आणि गार हवेत बसून माणसं जे करतात ते समितीने सुरू केलं. तिने नियमांचं पुस्तक काढलं.

पहिल्या वर्षी पुस्तक नऊ पानांचं होतं. आता एकशे बारा पानांचं आहे, वर सात परिशिष्टं. त्यातला प्रत्येक दुसरा नियम "खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी" या शब्दांनी सुरू होतो आणि खर्च वाढवून संपतो. कोणी इंजिन उघडून त्यात पैसे ओतू नयेत, म्हणून सगळ्यांनी एकाच बनावटीचं सीलबंद इंजिन घ्यायचं. ते विकणार कोण, तर अध्यक्षांचा मेहुणा. आता सीलबंद असली तरी दहा इंजिनं सारखी निघत नाहीत, एखादं जात्याच पळतं. मग पैसेवाले बाप एकदम आठ इंजिनं उचलतात, आठही पळवून बघतात, चांगलं ठेवतात आणि उरलेली सात कमी पगारवाल्यांना "जवळजवळ नवीन" म्हणून विकतात. टायरचंही तेच. शर्यतीला एकच जोडी, तिच्यावर नंबर छापलेला, तो नंबर रजिस्टरमध्ये. खर्च आटोक्यात. पण सरावाला कितीही टायर जाळा, त्याबद्दल पुस्तकात चकार शब्द नाही. हेल्मेटला पाच वर्षांनी मुदत संपते, मग ते कुठे आपटलेलं असो वा नसो. गाडीवरचा नंबर किती उंच असावा हे परिशिष्ट तीनमध्ये आहे, आणि तो कुठल्या पिवळ्यावर कुठला काळा असावा हे परिशिष्ट चारमध्ये. हे लिहिताना समितीतल्या कोणाला हसू आलं नाही, यावरून समितीची कल्पना यावी.

"काय मिस्तरी, शिस्त आली की नाही खेळाला?" अध्यक्ष दर रविवारी विचारत.

"हं," मिस्तरी म्हणत.

जुन्या चौघांपैकी तिघांनी वेळीच नाद सोडला आणि चौथा देवाघरी गेला. मिस्तरींनीही केव्हाच चिंधी झटकून घरचा रस्ता धरला असता. ते टिकून राहिले ते सुनेमुळे.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर बाटल्यांवर नंबर चिकटवायचे, नंबर नावाशी जुळवायचे, अहवालावर सही करायची. घरात आली तेव्हा मिस्तरींनी तिच्याकडे बघून एक माफक "हं" म्हटलं होतं. मग एका रविवारी कार्ट एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायची होती, मुलगा नेहमीप्रमाणे रात्रपाळी करून घरी घोरत पडला होता, आणि मिस्तरी सहज म्हणाले, "तू नेतेस का गं तेवढी?" ती बसली. शेडकडे न जाता तिने पटांगणाला तीन फेऱ्या मारल्या. पहिली भीत, दुसरी न भिता, आणि तिसऱ्या फेरीत तिने मागच्या वळणावर ब्रेकला पायच लावला नाही. मिस्तरींच्या खांद्यावरची चिंधी खाली पडली. ती उतरली तेव्हा ते इतकंच म्हणाले, "पुढच्या रविवारी काय करतेयस?" जन्मात त्यांनी कोणाचं याहून जास्त कौतुक केलं नव्हतं.

तेव्हापासून सहा वर्षं दोघांची जोडी. गाडी त्यांनी बांधायची, तिने चालवायची. मैदानावर सगळे तिला वहिनी म्हणत. मुलाने या वेडापुढे हात टेकले होते. पुस्तक मात्र ती एकटी वाचायची. जेवणं झाल्यावर टेबलाशी बसून, पेन्सिलने खुणा करत, परिशिष्टांसकट.

"काय वकीलबाई, आज काय निघालं?" मिस्तरी खिजवत.

"बाबा, चेनच्या झाकणाला आता दोन छिद्रं चालत नाहीत. एकच."

"का?"

"ते नाही लिहिलं."

"लिहिणार कसं? माहीत असेल तर लिहितील ना."

"बाबा, तुम्ही एकदा वाचा तरी हे. दर वर्षी वाचलं म्हणून सही करता."

"सही करतो, तेवढं पुरे त्यांना. त्यांना वाचणारा नको असतो, सही करणारा हवा असतो."

ती हसायची आणि दोन छिद्रांतलं एक बुजवून घ्यायची. मिस्तरींच्या तुच्छतेला घरात असा हक्काचा श्रोता मिळाला होता. आपण तिला किती अक्कल शिकवतो, याचं त्यांना समाधान होतं. प्रत्यक्षात सहा वर्षांत त्यांची गाडी एकदाही बाद झाली नाही ती तिच्या पेन्सिलीमुळे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

यंदा समितीने कमाल केली. सध्याचं इंजिन पुढच्या वर्षी बाद. का, तर खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी. नवीन इंजिन घ्यायचं म्हणजे सुनेचा चार महिन्यांचा पगार, आणि प्रवेश शुल्क वेगळं. सवलत एकच होती. वर्षाच्या शेवटच्या शर्यतीत जे पहिल्या तिघांत येतील त्यांना नवीन इंजिन वर्षभर वापरायला फुकट आणि शुल्कही माफ. सुनेने नवऱ्याशी बोलून घेतलं आणि मग मिस्तरींना गाळ्यावर येऊन सांगितलं, "तिसरी आले तर पुढचं वर्ष. नाही आले तर हे शेवटचं, बाबा. घर चालवायचंय."

"येशील," मिस्तरी म्हणाले आणि लेथकडे वळले. त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकाचं एकही काम केलं नाही. चाकांचे बेअरिंग त्यांनी तीनदा काढून तीनदा बसवले.

शर्यतीत आठ गाड्या होत्या. सून सहावी सुटली. अध्यक्षांचे थोरले चिरंजीव सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या इंजिनात काय होतं ते देव जाणे, वळणावर ते गाडी अशी फरफटत नेत की मिस्तरींना बघवत नव्हतं, पण सरळ रस्त्यावर कोणाच्या हाती लागत नव्हते. सुनेकडे सातातलं एक "जवळजवळ नवीन" इंजिन. ती सरळ रस्त्यावर मागे पडायची आणि मागच्या वळणावर सगळं वसूल करायची. बाराव्या फेरीत पाचवी, सतराव्यात चौथी. शेवटच्या फेरीत तिने त्याच वळणावर तिसऱ्याच्या आतून गाडी घातली, तीही अशी की दोघांच्या चाकांमध्ये हात घालायलाही जागा नव्हती. तिसरी आली. मिस्तरींनी कोणालाही मिठी मारली नाही, पण बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाच्या पाठीत त्यांनी असा धपाटा घातला की त्याचा चहा सांडला.

शर्यत संपली की गाड्या जाळीच्या कुंपणात नेतात. पुस्तकात त्या जागेला लांबलचक परदेशी नाव आहे. सगळे तिला पिंजरा म्हणतात. तिथे तपासनीस वजन घेतात, सील बघतात, टायरचे नंबर रजिस्टरशी ताडून पाहतात, आणि तोवर गाडीला दुसऱ्या कोणीही हात लावायचा नाही. गाडी आत ढकलून आणायला प्रत्येकी एका मदतनिसाला परवानगी, ढकलून झालं की त्याने बाजूला उभं राहायचं.

मिस्तरींनी गाडी आत ढकलली. वजन भरलं, थोडं जास्तच. सील शाबूत. टायरचे नंबर जुळले. चेनच्या झाकणाला छिद्र एकच. तपासनीस, जो आठवडाभर विम्याचे हप्ते गोळा करायचा आणि रविवारी पांढरं जाकीट घालून न्यायाधीश व्हायचा, त्याने रकान्यात एकापाठोपाठ एक बरोबरच्या खुणा केल्या आणि शेवटची खूण करायला पेन उचललं. सून हेल्मेट काढून घाम पुसत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात मिस्तरींना दिसलं, की इंजिनाच्या पट्टीचा एक बोल्ट हादऱ्यांनी दोन आटे बाहेर आलाय.

त्यांनी विचार केला असता तर बरं झालं असतं. पण त्यांनी विचार केला नाही. हात मागच्या खिशाकडे गेला, पाना बाहेर आला, पाव फेरा, अर्धा फेरा, घट्ट. वर त्यांनी चिंधीने तो बोल्ट पुसलासुद्धा.

"हात लावला," विमावाला म्हणाला. त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "मिस्तरी, तुम्ही हात लावला!"

"ढिला होता," मिस्तरी म्हणाले.

दहा मिनिटांनी सगळे केबिनमध्ये. अध्यक्ष टेबलामागे, सेक्रेटरी वही उघडून, विमावाला दाराशी, आणि दाराबाहेर अर्धं मैदान कान देऊन उभं. नियमाप्रमाणे गाडी बाद, चौथा आलेला तिसरा. मिस्तरींनी ओठाचा कोपरा खाली ओढला. सुनेचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती रडली नाही. तिने पिशवीतून पुस्तक काढलं, पेन्सिलीच्या खुणेवर उघडलं आणि शांतपणे वाचलं, "पान सत्त्याऐंशी. मदतनिसाचा हात अनवधानाने लागल्यास आणि त्याने लेखी दिलगिरी व्यक्त केल्यास, समिती ताकीद देऊन निकाल कायम ठेवू शकेल."

अध्यक्षांनी पान बघितलं. आपल्या पुस्तकात असं काही आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीने खांदे उडवले. शिवाय त्यांच्या मुलाचा पहिला नंबर कुठे जात नव्हता, आणि उदार दिसायची संधी फुकट मिळत होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वहिनींनी अभ्यास केलाय. द्या लिहून."

सुनेने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. लॅबमधलं तिचं अक्षर, एकेक अक्षर सुटं. 'माझा हात अनवधानाने लागला. मी दिलगीर आहे.' कागद तिने मिस्तरींसमोर ठेवला आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "बाबा, सही."

मिस्तरींनी पेन धरलं. टोक कागदाला टेकलंही होतं. इथे अध्यक्षांनी तोंड बंद ठेवलं असतं तर सगळं पार पडलं असतं, पण तोंड बंद ठेवता येणारी माणसं अध्यक्ष होत नाहीत.

"होतं असं, मिस्तरी," ते हसून म्हणाले. "वय झालं की हात आपला राहत नाही."

मिस्तरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या माणसाला राग येण्याइतकी किंमत दिली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "अनवधानाने? बेचाळीस वर्षांत मी एकही बोल्ट अनवधानाने आवळलेला नाही. तो ढिला होता, मी बघितला, मी आवळला. अनवधानाने माझ्या हातून एकच गोष्ट झाली. वीस वर्षांपूर्वी फाटक उघडं राहिलं, आणि तुम्ही आत आलात."

दाराबाहेर असा हशा उसळला की खिडकीची काच थरथरली. कोणी शिट्टी मारली, कोणी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी मान खाली घालून वहीत लिहीत होता: मदतनिसाने जाणूनबुजून हात लावल्याचं स्वतः मान्य केलं. सबब गाडी बाद.

मिस्तरी बाहेर आले ते विजयी वीर होऊन. वर्षानुवर्षं हप्त्याने इंजिनं घेऊन मेटाकुटीला आलेली माणसं त्यांचे हात हातात घेत होती. चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. "मिस्तरी, एकदा पुन्हा सांगा ना, फाटकाचं," लोक म्हणत आणि मिस्तरी पुन्हा सांगत. चौथ्यांदा सांगताना तर त्यांनी अध्यक्षांच्या चेहऱ्याची नक्कलही केली. त्यांच्यापैकी एकानेही पुढच्या वर्षी नवीन इंजिन घ्यायचं थांबवलं नाही, हे आपलं जाता जाता. सून तिकडे एकटीच गाडी टेम्पोत चढवत होती. दोघांनी उचलायची गाडी तिने आधी पुढचं टोक, मग मागचं, अशी एकटीने चढवली.

टेम्पोत मिस्तरी रंगात होते. "तोंड बघितलंस का त्याचं? अगं, वीस वर्षं पोटात होतं ते."

सून समोर रस्त्याकडे बघत टेम्पो चालवत होती. चौकात गिअर बदलता बदलता म्हणाली, "वाक्य छान होतं, बाबा."

मिस्तरींना ते कौतुक वाटलं.

पुढचे दोन महिने ते वाक्यच त्यांना पुरलं. गाळ्यावर येणारा प्रत्येक जण ते ऐकायला मागायचा, आणि न मागणाऱ्यालाही ते मिळायचं. घरी मात्र कोणी मागत नव्हतं. जेवताना त्यांनी समितीचा विषय काढला की सून भाजी वाढायची. वकीलबाई म्हटलं तर हसायची, पण जेवढ्यास तेवढं. टेबलावर पुस्तक दिसत नव्हतं. ते रद्दीत गेलं, असं मुलगा म्हणाला. मिस्तरींना वाटलं, थोडे दिवस जाऊ देत. ते गाळ्यावर गाडी खोलून बसले. इंजिनाची पट्टी नवीन केली, सांगाड्याचे सगळे सांधे पुन्हा वेल्ड केले, सीट तिच्या मापाने दोन बोटं पुढे घेतली. शर्यत नसली म्हणून काय झालं, पटांगण काही अध्यक्षांच्या बापाचं नव्हतं.

एका रविवारी सकाळी ते लवकर उठून तयार झाले. सून आरशासमोर केस बांधत होती. अंगात लॅबचा पांढरा कोट.

"चल, गाडी तयार आहे," मिस्तरी म्हणाले. "मागच्या वळणावर आता अशी चिकटून जाईल की बघत राहशील. चार फेऱ्या मारून ये."

"आज ड्युटी आहे, बाबा."

"रविवारी?"

"रविवारच्या ड्युट्या मागून घेतल्यात मी. वर्षभराच्या. दुप्पट मिळतात." तिने पिन तोंडातून काढून केसांत खोचली. "नाहीतरी रविवार मोकळाच होता."

मिस्तरी दारात उभे राहिले. काहीतरी तिखट बोलायला त्यांचं तोंड उघडलं, लॅबबद्दल, दुप्पट पगाराबद्दल, आणि मग ते मिटलं. ओठाचा कोपरा खाली गेला नाही. सुनेने चप्पल घातली, डब्याची पिशवी घेतली. ती बाजूने जाऊ लागली तेव्हा ते कसेबसे म्हणाले, "पोरी, चुकलं माझं."

ती थांबली. तिच्या आवाजात राग असता तर मिस्तरींना तो झेलता आला असता.

"मला कशाला सांगताय, बाबा?" ती म्हणाली. "तेव्हा तिथे म्हणायचं होतं. मी लिहूनसुद्धा दिलं होतं."

आणि बस चुकेल म्हणून ती भराभर जिना उतरून गेली.